दाणे काढणारी चिमटी

ही माझी धाकटी बहीण. सख्खी, एकुलती एक, आणि आमच्या सगळ्या खानदानात कॉम्प्युटरवर बोटं चालवून पोट भरणारी पहिली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की भाऊ उगाच फुशारकी मारतो. मारतो. तुमची बहीण अशी असती तर तुम्हीही मारली असती.

कागदावर तिचं नाव काय असेल ते असो, घरात ती चिमटी. जन्मली तेव्हा एवढीशी होती की नर्स हसून म्हणाली, हिला हातात नाही, चिमटीत धरा. ते चिकटलं ते चिकटलंच. आता तिला चष्मा लागलाय, ऑफिसात लोक मॅडम म्हणतात, आणि मी फाटकाबाहेरून ओरडतो, "चिमटेऽ, डबा विसरलीस!" मग संध्याकाळी घरी माझी खरडपट्टी निघते.

माझा धंदा घरसामान हलवायचा. शाळा अर्ध्यात सुटली, पण ट्रक कसा भरायचा हे मला कोणी शिकवू नये. लोक दोन गाड्या लागतील म्हणतात, मी सगळं एकीत बसवतो आणि वर कपबशी फुटू देत नाही. सामानातली हवा काढायची, ही सगळी विद्या. कपाटात हवा असते, बादलीत असते, पातेल्यात असते. तिथे उशा कोंबायच्या, चादरी कोंबायच्या. शाळेला सुट्टी असली की चिमटी माझ्याबरोबर यायची, "दादा, त्या टोपलीत नुसती हवाच आहे बघ," म्हणून बोट दाखवायची, आणि गाडी भरून झाली की उरलेल्या फटीत स्वतः जाऊन बसायची. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, तिच्या कामाचं मूळ माझ्या ट्रकात आहे. ती म्हणते, "मूळ कोर्समध्ये आहे, दादा. फी तेवढी तू भरलीस." तेही मी सगळ्यांना सांगतो.

तिचं काम काय ते मला विचारा, मी तिच्यापेक्षा सोपं करून सांगतो. वेबसाइटवर फोटो असतात. कॅमेऱ्यातून निघालेला फोटो भरलेल्या कपाटासारखा जड. तसाच टाकला तर बघणाऱ्याच्या फोनवर नुसतं चाक फिरत राहतं. चिमटी तो हलका करते. आधी मापाने लहान करते, मग जुन्या पेटीतून काढून नव्या पेटीत भरते. जुन्या पेटीचं नाव जेपेग, नवीचं वेबपी, त्याहून नवी एक एव्हीआयएफ. चित्र तेच, वजन कुठच्या कुठे. डोळ्याला जे कळत नाही ते नव्या पेटीत घ्यायचंच नाही, अशी रीत. आणि ज्यांच्या जुन्या फोनला नवी पेटी उघडत नाही, त्यांच्यासाठी जुनीही शेजारी ठेवून द्यायची.

हे सगळं ती शिकली चपला-बूट विकणाऱ्या एका कंपनीत. तिथेच तिला दाणे भेटले. कमी उजेडात फोटो काढला की त्यावर रवा सांडल्यासारखं बारीक बारीक दिसतं, त्याला ही मंडळी दाणे म्हणतात. दाणे वजनाला फार वाईट. यंत्र बिचारं एकेक दाणा जपत बसतं आणि फाईल फुगते. म्हणून आधी दाणे काढायचे, मग दाबायचं. चिमटीने दाणे काढलेली चप्पल अशी गुळगुळीत दिसायची की घालायच्या आधी चाटावीशी वाटेल. मालक खूश. तरीपण कंपनी बुडालीच, तो चपलांचा दोष.

मग तिला मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. मी सगळ्या गल्लीत सांगत सुटलो. कुठल्या खात्यात ते नंतर कळलं. शवागार. पाटीवर तसं लिहिलंय, लोक मुडदाघरच म्हणतात.

बायको म्हणाली, "अहो, आता कोणाला सांगू नका."

मी म्हटलं, "का नाही? तिथेही माणसंच येतात."

तिथे अशी माणसं येतात ज्यांच्या खिशात नाव नसतं. रस्त्यावर सापडलेली, पाण्यातून काढलेली, बाकावर बसल्या बसल्या गेलेली. त्यांचे फोटो हॉस्पिटलच्या वेबसाइटवर एका पानावर लावतात, म्हणजे घरच्यांनी बघावं आणि घेऊन जावं. ठरलेली मुदत असते. तोवर कोणी आलं नाही तर सकाळी गाडी येते आणि हॉस्पिटलच पुढचं उरकतं. खात्यातले लोक त्यांना बेवारस म्हणायचे. चिमटी पहिल्याच दिवशी म्हणाली, "बेवारस म्हणू नका. वारस आहेत, त्यांचं पान उघडत नाहीये."

आणि खरंच उघडत नव्हतं. आतला फोटोवाला मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा आणि होते तसे वर चढवायचा. बघणारी माणसं कोण? हातात कडा उडालेला फोन, आणि नेट थेंब थेंब येणारं. चाक फिरायचं, फिरायचं, आणि माणूस कंटाळून नाही, घाबरून फोन बंद करायचा. मुदत संपायची.

चिमटीने ते सगळं पान उपसलं. एकेक फोटो लहान केला, दाणे काढले, दाबला, नव्या पेटीत भरला. बोटाने जेवढं वर सरकवाल तेवढेच फोटो यायचे, बाकीचे थांबायचे, अशी सोय केली. पान टिचकीसरशी उघडायला लागलं. आणि माणसं येऊ लागली. एका म्हाताऱ्याने मुलाला ओळखलं, एका बाईने नवऱ्याला. त्या दिवसांत चिमटी घरी आली की तिचा चेहरा बघून कळायचं, आज कोणीतरी कोणाला घेऊन गेलंय. हसू नसायचं, हसण्यासारखं काय होतं त्यात. पण जेवायची नीट.

मी मात्र हसायचो. मी गिऱ्हाईकाचं कपाट उचलता उचलता सांगायचो, माझ्या बहिणीने मुडदाघराला पंख लावले. लोक कपाट सोडून माझ्याकडे बघायचे.

तर एक दिवस शवागाराच्या खिडकीवर एक बाई आली. इस्त्रीवाली. हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत तिचं टेबल. मुलगा कामासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला होता, फोन लागत नव्हता, आणि खोलीवाल्याने सांगितलं की बरेच दिवस दिसला नाही. चिमटीने पान उघडून फोन तिच्या हातात दिला. नियम असा की फोटोत ओळख पटली तर आत सोडायचं. नाहीतर दारात गर्दी होते, आणि नको त्यांना नको ते बघावं लागतं.

बाई एकेक फोटो सरकवत एका तरुण मुलाच्या फोटोवर थांबली. बस थांब्यावर बसल्या बसल्या गेलेला. फोन, पाकीट कोणीतरी काढून नेलं होतं. केस अगदी बारीक कापलेले, गळ्यापर्यंत चादर.

"नाक तसंच आहे गं," ती म्हणाली. "भुवया पण."

चिमटीने नोंदवही जवळ ओढली. आपण काही सुचवायचं नसतं.

"पण माझ्या पोराच्या गालावर खड्डे आहेत. मुरमांचे. जागा नाही एवढे. काय काय लावायचा, आरशासमोरून हलायचा नाही. ह्याचे गाल बघ, लोण्यासारखे." मग तिने मान वर केली. "फोटोत काही बदलत नाही ना गं बाई?"

"नाही मावशी," चिमटी म्हणाली. "फोटो आहे तसाच असतो. मी फक्त हलका करते."

"मग हा नव्हे," बाई म्हणाली. फोन परत देताना तिने फोनसकट चिमटीचा हातच दोन्ही हातांनी दाबला. आनंदाने. जाता जाता म्हणाली, "इस्त्रीचे कपडे असले तर आण. मी तुझ्याकडून काही घ्यायची नाही."

चिमटीने हे घरी सांगितलं तेव्हा तीही खुशीत होती. एक आई 'हा नव्हे' म्हणून गेली, यात खूश व्हायला ती नोकरीच लागते.

आता माझं ऐका. मला धंद्याची वेबसाइट हवी होती. सगळ्या सामानवाल्यांची आहे, माझीच का नाही? चिमटी म्हणाली, करून देते. ट्रकचा फोटो, माणसांचा फोटो, आणि सगळ्यात वर माझा मोठा फोटो, ट्रकच्या आत उभा राहून, कमरेवर हात. ते माझं म्हणणं होतं. आत उजेड कमी होता, पण माझं तेज पुरेसं होतं.

माझ्या चेहऱ्याबद्दल सांगायला हवं. पूर्वी एकदा आरशाचं कपाट जिन्यात निसटलं. मी सोडलं नाही. आरसा माझ्या तोंडावर फुटला, पण कपाट मी खाली अलगद टेकवलं. डाव्या गालावर आणि कपाळावर काचेने बारीक बारीक टोचलेलं अजून आहे. मी त्याला नक्षी म्हणतो. गिऱ्हाईक भाव करायला लागलं की गाल पुढे करतो, म्हणतो, बघा, मी सामान सोडत नाही. पुढे बोलणंच होत नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवायला बसलो होतो. वेबसाइट तयार झाली होती. बायकोने फोन घेतला, बघितलं आणि खो खो हसत सुटली.

"अहो, हे कोण? तुमचा धाकटा भाऊ वाटतो!"

मी फोन ओढला. मीच होतो. पण गाल असा साफ, जसा मी जन्मात कधी कपाट उचललंच नाही.

"चिमटे! माझी नक्षी कुठंय?"

"नीट बघ, असेल तिथेच."

"काय असेल? पुसून टाकलीस तू! आता गिऱ्हाईकाला काय दाखवू, कोपर?"

"बरं झालं गेली," बायको म्हणाली. "आता पोरंबाळं घाबरायची नाहीत तुम्हाला."

"वहिनी, आण इकडे," चिमटी हसत म्हणाली, आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग माझ्या गालाकडे बघितलं. मग परत फोटोकडे. तिचं हसू कुठल्या क्षणी गेलं ते मला दिसलं नाही, पण बायकोला दिसलं, कारण तिने वाढायचं थांबवलं. चिमटीने उष्टा हात तसाच ठेवून डावा हात माझ्या गालावर ठेवला. लहानपणापासून आजवर तिने असं कधी केलं नव्हतं.

"यंत्राला हे दाणे वाटले," ती म्हणाली.

"मग परत लाव ना. एवढं काय?"

"दादा, मी तिला सांगितलं, फोटो आहे तसाच असतो."

"कोणाला?"

तिने ताट सरकवलं. "ट्रक काढ."

शवागाराला सुट्टी नसते. मी बाहेर थांबतो म्हटलं, पण तिने आत बोलावलं, बहुतेक एकटीने बघवत नव्हतं. फोटोवाल्याच्या मशीनमध्ये कॅमेऱ्यातून निघालेला मूळ फोटो होता, जड, दाण्यांसकट. तिने उघडला. ट्यूबलाइटचा उजेड, रवा सांडल्यासारखं सगळीकडे. आणि त्या रव्याखाली मुलाचे दोन्ही गाल खड्ड्यांनी भरलेले. जागा नाही एवढे. शेजारी वेबसाइटवरचा फोटो उघडला. लोणी.

"चपलांची सवय," ती म्हणाली. "चपलांचे दाणे काढायला लावायचे तेच आकडे मी ह्यांना लावले. सगळ्यांना."

"अगं, पण बाकीचे ओळखले गेलेच की. तू तर—"

"दादा, गप्प बस जरा."

त्या मुलाची मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी संपत होती. खात्याचे साहेब होते, ती त्यांच्याकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हता, उठून खुर्ची दिली. म्हणाले, "मॅडम, ती बाई तुमच्यासमोर नाही म्हणून गेली. तिच्या नाहीचं हो मी कसं करू? आत जागा नाही, सकाळची गाडी ठरलेली आहे. तिला आणा. ती हो म्हणू दे, मी गाडी थांबवतो."

इस्त्रीवालीचं टेबल सापडायला वेळ लागला नाही. संध्याकाळचा उजेड होता, गल्लीत पोरांचे कपडे वाळत होते, आणि ती शर्टाची बाही दाबत होती. चिमटीला बघून तिचा चेहरा खुलला. "आलीस? कपडे आणलेस?"

"मावशी, मी चुकीचं सांगितलं तुम्हाला."

इस्त्री चालूच राहिली.

"फोटो बदलला होता. मीच बदलला, मला कळलं नाही. त्यावर दाणे असतात, ते मी काढते, म्हणजे लवकर उघडावा म्हणून. त्यात त्याच्या गालावरचं सगळं गेलं. मूळ फोटो आणलाय मी. एकदा बघा."

"बघितला की त्या दिवशी."

"तो नाही, मावशी. हा."

"नाही म्हटलं ना मी?" तिने मान वर केली नाही. "घरी येऊन, आता येईल म्हणून त्याची गादी उन्हात टाकली मी. एकदा नाही म्हटलं की नाही. तू कोण मला परत विचारणारी?"

चिमटीने फोन पुढे धरला होता. बाईने त्याकडे पाठ केली आणि तीच बाही परत दाबायला घेतली. चुणी एकही नव्हती तिला. मी म्हटलं, "मावशी, माझी बहीण काही—" तर ती माझ्याकडे वळली, माझ्या गालाकडे बघत राहिली, नक्षीकडे. मग म्हणाली, "दुकान बंद करायचंय. जा तुम्ही."

जाताना चिमटीने तिला एवढंच सांगितलं की सकाळी गाडी येते. बाईने ऐकलं की नाही, कोण जाणे.

परतताना चिमटी ट्रकात माझ्या शेजारी बसली होती, पण अशी बसली होती जशी मागच्या फटीतच आहे. घरी न जाता तिने मला परत हॉस्पिटलला सोडायला लावलं. तिथे तिने सगळे मूळ फोटो काढून पुन्हा भरायला घेतले, दाणे न काढता. आधी छोटा दिसेल, बोट लावलं की मोठा, खरा येईल. पान जरा जड होईल, होऊ दे म्हणाली. गुळगुळीत होते ते सगळे पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा ट्रक शवागाराच्या फाटकात बंद पडला. आडवा. माझा ट्रक कधी बंद पडत नाही हे सगळ्या शहराला माहीत आहे, म्हणून मी बॉनेट उघडून हात काळे करून घेतले. हॉस्पिटलची गाडी आत अडकली. ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला, मी त्याच्यापेक्षा सरस दिल्या. साहेब बाहेर आले, ट्रककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चिमटीकडे बघितलं.

"काय झालंय?"

"काय सांगू साहेब, जुनं इंजिन."

"किती वेळ?"

"बघतो."

ते आत गेले. चिमटी रस्त्याच्या टोकाकडे बघत उभी होती. तिने डबाही आणला नव्हता.

बाई आली. चालत आली, घाई न करता, हातावर घडी केलेला शर्ट आडवा धरून. कालचाच, बाहीवरून ओळखला मी. चिमटीने फोन काढला तर तिने हाताने बाजूला केला. "फोटो नको आता. आत ने."

मला दारापर्यंतच जाऊ दिलं. चादर खाली केली. बाईने अंगठा मुलाच्या गालावर ठेवला आणि एकेका खड्ड्यावरून फिरवत राहिली, कानापासून हनुवटीपर्यंत, मग दुसरा गाल.

"हाच," ती म्हणाली.

मी बाहेर आलो, बॉनेट लावलं, आणि ट्रक एका झटक्यात सुरू झाला. साहेब खिडकीतून बघत होते.

नंतर बाई चिमटीच्या खोलीतल्या बाकावर येऊन बसली. चिमटी तिच्यासमोर उभी. "मावशी, मी..." एवढंच दोनदा म्हणाली.

"तो आधीचा फोटो आहे का गं?" बाईने विचारलं.

"कुठला?"

"गुळगुळीत गालांचा."

"तो पुसला मी. चूक होती ती."

"मला तो हवाय."

"मावशी, तो खोटा आहे," चिमटी म्हणाली.

"किती चोळायचा गं गाल. लहानपणापासून. फोटो काढू द्यायचा नाही कोणाला, माझ्याकडे एक नाही." ती त्याच्या शर्टाची घडी मांडीवर नीट करत होती. "त्या फोटोत जसा दिसत होता ना, तसंच व्हायचं होतं त्याला. तो दे मला."

चिमटीने चष्मा काढून पुसला, परत लावला. खुर्ची ओढली. मूळ फोटो उघडला, आणि माझ्या बहिणीने, मी बघत असताना, एकेक करून पुन्हा दाणे काढले. बाईचा फोन फार जुना होता, म्हणून जुन्या पेटीत भरून दिला.